पोस्टमास्तरीण निघाली सुट्टीला

देवरुखपासून चौदा किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी कासारकोंड नावाचं गाव आहे. तिथलं पोस्ट म्हणजे चिऱ्याच्या एका घराची रस्त्याकडची खोली. खोलीत एक टेबल, लोखंडी पेटी, वजनकाटा, भिंतीवर जिल्ह्याचा जुना नकाशा आणि खुर्चीत ज्ञानेश्वरी मांडवकर. वय सदतीस. गाव तिला मास्तरीणबाई म्हणतं, पोस्टमास्तरमधल्या मास्तरवरून. सकाळी पोस्ट उघडायचं, दुपारी कुलूप घालून स्कूटरवरून सात वाड्यांत टपाल वाटायचं, संध्याकाळी घरी येऊन चूल, गुरं आणि मुलांचा अभ्यास, असा तिचा बारा वर्षांचा शिरस्ता होता.

नवरा दीपक नवी मुंबईत एका यार्डात क्रेन चालवतो. तो घरी यायचा गणपतीला आणि शिमग्याला. घरात सासू गोदाआजी, थोरला ओमकार आणि धाकटी संस्कृती. मे महिन्यात गावातली मुलं बापाच्या खोलीवर मुंबईला जायची, नाहीतर मुंबईतली मुलं गावाला यायची. सुट्टी म्हणजे एवढंच, याउपर काही असतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ज्ञानेश्वरीच्या डोक्यात सुट्टीला बाहेर पडायचं खूळ शिरलं ते रावजी गुरुजींमुळे. गुरुजी निवृत्त शिक्षक, वरच्या वाडीत एकटे राहायचे. त्यांची नात सानवी आईवडिलांबरोबर युरोपात होती आणि दर सुट्टीत आजोबांना चित्रांची पोस्टकार्डं पाठवायची. गुरुजींची नजर गेलेली, म्हणून ती कार्डं वाचून दाखवायचं काम ज्ञानेश्वरीकडे आलं. आधी चित्राचं वर्णन करायचं, मग मजकूर. निळं तळं, लाल डब्यांची गाडी, बर्फाचा डोंगर. तीन वर्षं ती दुसऱ्याच्या मुलीच्या सुट्ट्या मोठ्याने वाचत होती.

एका एप्रिलमध्ये आलेल्या कार्डावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, “आजोबा, काल आम्ही कमरेला दोरी बांधून बर्फावरून चाललो. मी दोनदा पडले. खूप मजा आली.”

ज्ञानेश्वरीने ते वाचलं आणि गुरुजींनी सांगण्याआधीच पुन्हा एकदा वाचलं.

“तुझी मुलं कुठे जातात गं सुट्टीत?” गुरुजींनी विचारलं.

“कुठे नाही गुरुजी. घरीच असतात.”

“समुद्र तरी बघितलाय का त्यांनी?”

रत्नागिरी जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. पण कासारकोंडातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे असतो तो डोंगर, नाचणीची वरकस जमीन आणि पऱ्ह्या, म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. ज्ञानेश्वरीने स्वतः समुद्र पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजच्या कसल्याशा कामाला रत्नागिरीत गेली तेव्हा, तोही भाट्याच्या पुलावरून, एसटीच्या खिडकीतून. मुलांनी तोही पाहिला नव्हता. ओमकार नऊ वर्षांचा झाला होता, संस्कृती सातची.

त्या संध्याकाळी तिने दीपकला फोन लावला. “परीक्षा संपली की मी मुलांना घेऊन किनाऱ्याने चालत जाणार आहे. केळशीपासून आंजर्ल्यापर्यंत.”

“चालत? गाड्या नाहीत काय तिकडे?”

“गाड्या आहेत. पण चालतच जायचंय.”

“कशाला पण?”

“पडायला,” ती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. दीपकला त्यातलं काही कळलं नाही. पण बायको इतकी हसलेली त्याने बऱ्याच दिवसांनी ऐकली होती, म्हणून “बरं, जा,” म्हणून त्याने फोन ठेवला.

पोस्टातून रजा घ्यायची तर बदली माणूस द्यावा लागतो. शेजारची मृणाली पदवीधर होऊन घरात बसली होती, तिला ज्ञानेश्वरीने आठ दिवस काम शिकवलं. मग दोन पाठपिशव्या, भाकऱ्या, सुकटाची चटणी, टॉर्च आणि दोन मुलं घेऊन ती पहाटेच्या एसटीत बसली. चिपळूण, खेड, मंडणगड असं करत जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला जाऊन, तिथून दुसरी गाडी धरून तिघंही दुपार कलताना केळशीला उतरली.

सुरूच्या बनातून बाहेर पडल्यावर मुलं जागच्या जागी थांबली. संस्कृतीने आईचा पदर धरला. ओमकार टाचा उंचावून लांबवर बघायला लागला. मग त्याने विचारलं, “ह्याच्या पलीकडे काय आहे?”

“माहीत नाही,” ज्ञानेश्वरी म्हणाली. तेवढ्यात दोघंही चपला टाकून पाण्याकडे धावत सुटली होती.

ती रात्र त्यांनी गावात एका ओळखीच्या टपालवाल्याच्या घरी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला लागली. उटंबरचा डोंगर चढली, आड्याला उतरली, शहाळं प्यायली. संस्कृती प्रत्येक शिंपला उचलून पिशवीत टाकायची आणि ओमकार तिच्या नकळत तो काढून फेकायचा. पाडल्याच्या पुढे रस्ता वर जात होता. खाली मात्र काळा कातळ पाण्यात लांबवर पसरला होता, उघडा, कोरडा, मधून मधून स्वच्छ पाण्याची डबकी असलेला. त्या डबक्यांत खेकडे, रंगीत मासे, काय काय. मुलं म्हणाली इथूनच जाऊ. ज्ञानेश्वरीलाही तेच हवं होतं.

अर्धा तास कसा गेला कळलं नाही. संस्कृती एका डबक्यात हात घालून बसली होती. तिच्या पायाशी पाणी आलं, परत गेलं, पुन्हा आलं आणि या खेपेला गेलं नाही. ज्ञानेश्वरीने मागे पाहिलं. ज्या वाटेने ते आले होते तिच्यावरून आता पांढरा फेस धावत होता. पुढचा कातळ निम्मा बुडाला होता. डाव्या हाताला उभा कडा. नदीच्या लोंढ्याशी तिची लहानपणापासून ओळख होती. लोंढा आवाज करत येतो, सांगून येतो. हे पाणी काही न सांगता चारी बाजूंनी आत येत होतं.

“आई, पाणी वाढतंय,” ओमकार शांतपणे म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

तिने संस्कृतीला पाठीवर घेतलं, ओमकारचा हात धरला आणि कड्याकडे निघाली. तेवढ्यात वरून हाक आली. कातळाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढून परत चाललेली एक बाई कड्याच्या निम्म्यात उभी होती. डोक्यावर टोपली, हातात कोयती.

“तिकडनं नको, बाय. तिकडं घळ हाय. हिकडं ये, माज्या हातासमोर ये. बघू नको पान्याकडं.”

गुडघाभर पाण्यातून, पायाखालचं काही दिसत नसताना ती तिघं त्या बाईच्या हाताच्या दिशेने गेली. ओमकार एकदा घसरला, छातीपर्यंत भिजला, उठला. कड्यात पावलापुरत्या खाचा होत्या. ती बाई पुढे, मुलं मध्ये, ज्ञानेश्वरी मागे, अशी सगळी वर आली.

बाईचं नाव मालन. तिने टोपली खाली ठेवली आणि ज्ञानेश्वरीला असं काही फैलावर घेतलं की बोलायची सोय नाही. तिथी कोणती, चंद्र कुठे, ओहोटी किती वाजता लागली, यातलं काही न बघता लेकरं घेऊन कातळावर उतरतं का कोणी? ज्ञानेश्वरी मान खाली घालून ऐकत राहिली. मग मालनने तिला तिथेच बसवून तिथीवरून भरतीची वेळ कशी काढायची ते शिकवलं. दोनदा तिच्याकडून वदवून घेतलं. मुलांना घरी नेऊन गरम भात आणि कालवांचं कालवण वाढलं.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला पोचल्यावर ज्ञानेश्वरीने हात जोडले ते बराच वेळ सोडले नाहीत. आपलं चुकलं, हे तिला पक्कं कळलं होतं. आता मुलं पुन्हा घराबाहेर पडायचं नाव काढणार नाहीत, असंही तिला वाटलं. पायऱ्या उतरताना ओमकार म्हणाला, “आई, मी पडलो ना, तेव्हा पाणी नाकात गेलं. खारट होतं.”

“हो रे राजा.”

“परत कधी जायचं?”

ज्ञानेश्वरी पायरीवरच बसली.

तेव्हापासून मांडवकरांच्या घरात सुट्टी म्हणजे कुठेतरी निघणं, असं ठरून गेलं. पण आता माहिती काढल्याशिवाय ती पाऊल उचलत नसे. एक वही केली. भरती-ओहोटी, शेवटची गाडी, पाण्याची जागा, दवाखाना, ओळखीचा माणूस. आपल्या पोस्टातून ती दुसऱ्या पोस्टात फोन लावायची, “मी कासारकोंडची पोस्टमास्तर बोलतेय, तुमच्याकडे डोंगरावर जायला वाटाड्या मिळेल का?” आणि आश्चर्य म्हणजे मिळायचा. दिवाळीत ती मुलं आणि दीपकसह प्रचितगड किल्ल्याची शिडी चढली. दुसऱ्या वर्षी घाटाच्या जुन्या पायवाटेने सगळी देशावर उतरली, म्हणजे खरं तर चढली, आणि एका धनगराच्या वाड्याशेजारी दोन रात्री राहिली. तिथे संस्कृतीला मेंढीने लाथ घातली, ते ती वर्षभर सांगत होती. दीपक आधी नाइलाजाने यायचा. मग रजेसाठी स्वतःच साहेबाच्या मागे लागायला लागला. यार्डातल्या क्रेनच्या केबिनमध्ये त्याने मुलांचा शिडीवरचा फोटो चिकटवला होता.

मग गेल्या वर्षी जानेवारीत संस्कृतीने जेवताना विचारलं, “आपण परदेशात कधी जायचं?”

ताटावरचे सगळे हात थांबले. दीपक फोनवर होता, तो पलीकडून म्हणाला, “काय म्हणतेय ती?”

दुसऱ्या दिवशी पोस्टात रिकाम्या वेळी ज्ञानेश्वरी माहिती काढायला बसली. नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, मोठ्यांना मतदानकार्ड चालतं, लहान मुलांना आधार. मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सरहद्द, तिथून पोखरा. आठ दिवसांत तिने वहीची पंधरा पानं भरली. तिच्यासारखीच एक पोस्टात काम करणारी बाई गोरखपूरला तिने शोधून काढली आणि तिच्याशी मोडक्या हिंदीत दोस्तीही केली.

“नेपाळ कसला परदेश,” दुकानात कुणीतरी म्हणालं. “आपल्याकडे आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळीच असतात.”

“मग त्यांच्या गावाला आपण कधी गेलोय?” ज्ञानेश्वरीने विचारलं.

गोदाआजींना घरीच ठेवायचं, मृणालीला सोबतीला बोलवायचं, असं दीपकने ठरवलं होतं. आजी अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, आत गेल्या, आणि पत्र्याच्या ट्रंकेतून कापडात बांधलेलं मतदानकार्ड आणून सुनेच्या हातावर ठेवलं.

“ह्यां चालतां ना?”

“चालतं आई. पण तिकडे डोंगर चढायचेत. थंडी असेल.”

“जल्लां, माजां अख्खं आयुष्य डोंगर चढन्यात ग्येलां. दर पाच वर्सांनी मत घालतंय, त्या कार्डाचा माका कदी उपेग झाला नाय. आता होऊंदे.”

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मुलांच्या परीक्षा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पाच जण संगमेश्वरला गाडीत चढले. मुंबई, मग दीड दिवस उत्तरेकडची गाडी. आजी खिडकी सोडायला तयार नव्हत्या. शेतं सपाट दिसायला लागली तशा त्या अस्वस्थ झाल्या. “येवडी जमीन आनि येक पन चढ नाय. ही मान्सा पानी खंयसून उतरवतत?” असं त्यांनी समोरच्या प्रवाशाला विचारलं. त्याला मराठी येत नव्हतं, तरी त्याने मान डोलावली.

सरहद्दीवरची मोठी कमान ओलांडताना संस्कृतीने एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून फोटो काढून घेतला. पलीकडे गेल्यावर ओमकारने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, “इथे पंधरा मिनिटं पुढे आहे.” मग सगळ्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून आपापली घड्याळं पुढे केली. आजींकडे घड्याळ नव्हतं, त्यांनी नातवाला चार वेळा विचारून खात्री करून घेतली की ही पंधरा मिनिटं परत जाताना मिळतात.

पोखऱ्याहून जीपने वर, जिथे रस्ता संपतो तिथपर्यंत. तिथून पायी. सोबतीला तिथलाच एक वाटाड्या होता. डोंगर ओळखीचे वाटत होते, नाचणीच्या शेतांसारखीच पायऱ्यापायऱ्यांची शेतं होती. फक्त सगळं कुणीतरी चौपट मोठं करून ठेवल्यासारखं. दीड तास चालल्यावर वाट एका वळणावर आली आणि समोर पूल दिसला.

नदी तिथे खूप खाली होती. एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत लोखंडी दोरांवर टांगलेला एक लांबच लांब, अरुंद पूल. पलीकडचं टोक दिसत होतं, पण तिथली माणसं मुंगीएवढी. वाऱ्यावर रंगीत पताका फडफडत होत्या. झिनू नावाचं गाव पुलापलीकडे, डोंगराच्या टेकाडावर होतं. मुक्काम तिथेच होता.

ओमकार आणि दीपक पुढे गेले. त्यांच्या मागे आजी, वहाणा हातात घेऊन, अनवाणी. पायाला जमीन कळली पाहिजे म्हणे. संस्कृती आईसाठी थांबली होती. ज्ञानेश्वरी पुलावर आली, शंभरेक पावलं चालली आणि सहज खाली पाहिलं.

पायाखालची पट्टी लोखंडी जाळीची होती. जाळीतून नदी दिसत होती. पांढरी, शिवणीच्या दोऱ्याएवढी, आणि तिचा आवाज पाण्याचा आहे हेही कळत नव्हतं. त्याच वेळी पलीकडून चार खेचरं पुलावर चढली आणि पूल हलायला लागला.

दोन्ही हातांनी ज्ञानेश्वरीने दोर धरले. पाय उचलायचा हे तिला कळत होतं, पण पाय ऐकत नव्हता. प्रचितगडाच्या शिडीवर ती सगळ्यांच्या पुढे होती. तिथे हाताखाली खडक होता. इथे हाताखालीही हलत होतं, पायाखालीही हलत होतं. मनात एकच विचार फिरत होता. या सगळ्यांना मी आणलं. मुलांना, सासूला, नवऱ्याला. घरी सुखाने बसली होती ती.

“आई, चल ना.”

“तू जा पुढे.”

“आणि तू?”

“मी मागे फिरते. तुम्ही या राहून दोन दिवस. मी अलीकडे थांबते.” तिचा आवाज तिलाच परका वाटला.

संस्कृती दहा वर्षांची. तिने आईकडे नीट पाहिलं. आईला घाबरलेलं तिने फारसं पाहिलं नव्हतं. ती आणखी जवळ आली, आईच्या पुढ्यात पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, “माझी पिशवी धर. दोन्ही हातांनी. पाण्याकडे बघायचं नाही. माझ्या वेणीकडे बघ.”

“संस्कृती, मला नाही जमणार.”

“मी हळू चालते. तू मला टपाल वाटायचे रस्ते सांग. पोस्टातून निघालीस की पहिलं घर कुणाचं?”

ज्ञानेश्वरीने दोरावरचा एक हात सोडला. मग दुसरा. लेकीच्या पाठपिशवीच्या पट्ट्या घट्ट धरल्या. “पहिलं घवाळ्यांचं,” ती म्हणाली.

“मग?”

“मग शाळा. मग खालची वाडी. बोल्यांची तीन घरं.”

पाय उचलला गेला. एक, मग दुसरा. खेचरं समोर आली तेव्हा दोघी दोराला चिकटून उभ्या राहिल्या. खेचरांच्या गळ्यातल्या घंटा कानाशी वाजल्या, एकाचं ऊबदार अंग ज्ञानेश्वरीच्या खांद्याला घासून गेलं. संस्कृती म्हणाली, “हे लाथ घालणार नाही बहुतेक.” आणि त्या भीतीतही ज्ञानेश्वरीला हसू फुटलं. हसू आलं तसा श्वासही आला. खालच्या वाडीहून मधली वाडी, मधल्या वाडीहून पऱ्ह्याच्या पलीकडची घरं, एकेक दार सांगत ती चालत राहिली. वरच्या वाडीत रावजी गुरुजींच्या घरापर्यंत आली आणि पायाखाली दगड लागला.

पलीकडे दीपक हात पुढे करून उभा होता. तो रोज यार्डात पाच मजली उंचीवर बसणारा माणूस. पण बायको पुलावर थांबलेली दिसल्यापासून त्याला घाम फुटला होता. एवढ्या अरुंद पुलावर परत शिरलो तर पूल आणखी हलेल, म्हणून तो जागचा हलला नव्हता.

“मला वाटलं तू परत जातेस,” तो म्हणाला.

“मलाही वाटलं.” ती खाली बसली आणि लेकीला कुशीत ओढलं. मग तिला आधी रडू आलं, लगेच हसू आलं, आणि दोन्ही एकदम यायला लागल्यावर ओमकारने काळजीने विचारलं, “आजी, आईला काय झालं?”

“काय नाय. प्वाटातली भीती भायेर पडताय,” आजी वहाणा पायात घालत म्हणाल्या. “पडूंदे.”

त्या दुपारी झिनूला सामान टाकून ते खाली नदीकाठी उतरले. तिथे गरम पाण्याचे झरे दगडी कुंडांत अडवलेले आहेत, अगदी काठाला, शेजारून बर्फाचं पाणी धावतं. आजींनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, कुंडात पाय घातले आणि डोळे मिटून घेतले.

“कसं वाटतंय आई?”

“आपल्या राजवाडीच्या गरम कुंडाचांच पानी,” आजी म्हणाल्या. “आतल्या वाटेनं हिकडं आलां असेल.”

मुलं आळीपाळीने गरम कुंडातून उठून थंड नदीत हात बुडवून किंचाळत परत येत होती. देशोदेशीची माणसं होती, एक उंच म्हातारी परदेशी बाई आजींशेजारी येऊन बसली. दोघी अर्धा तास बोलत होत्या, एक तिच्या भाषेत, एक संगमेश्वरी बोलीत. निरोप घेताना दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून मान हलवली. म्हणजे बोलणं समजलं होतं.

आणखी दोन दिवस चालून ते घांद्रुकला पोचले. आदल्या दिवशी ढगांमुळे काहीच दिसलं नव्हतं. पहाटे ओमकारने सगळ्यांना हलवून उठवलं. गोधड्या पांघरून पाचही जण गच्चीवर आले. समोर अंधार होता. मग त्या अंधारात खूप वर, ढगच असावा अशा जागी, एक टोक गुलाबी झालं. मग दुसरं. ज्ञानेश्वरी डोंगर खाली शोधत होती आणि डोंगर आभाळात होता. बघता बघता अख्खी रांग पेटली. दीपकने फोन काढला होता, तो हातातच राहिला.

आजी हात जोडून उभ्या होत्या. संस्कृतीने आईच्या गोधडीत शिरून विचारलं, “ह्याच्या पलीकडे काय आहे?”

“तिबेट,” ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने वहीत लिहून आणलं होतं.

परत आल्यावर ती सगळ्यात आधी रावजी गुरुजींकडे गेली आणि पुलाची गोष्ट सांगितली, काही न लपवता. गुरुजी बराच वेळ हसले. मग म्हणाले, “वरच्या वाडीपर्यंत आलीस म्हणजे माझ्या दारातूनच पलीकडे गेलीस की.” त्यानंतर महिनाभर ज्याच्या घरी टपाल द्यायला जाई, तो तिला थांबवून विचारायचा, आमचं घर पुलावर कुठे लागलं होतं? तीही नेमकं सांगायची. ज्यांची घरं वाटेत आली नव्हती ती माणसं थोडी खट्टू झाली.

पुलाची भीती गेली का? नाही गेली. ज्ञानेश्वरी हे स्वतःहून सांगते. पण भीती वाटली तर कुणाच्या मागे चालायचं हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि ते माणूस मोठंच असलं पाहिजे असं नाही. ओमकार हल्ली डबक्यातल्या खेकड्यांपेक्षा नकाशात जास्त रमतो. संस्कृती वर्गात बाकावर उभी राहून खेचरांच्या घंटांचा आवाज काढून दाखवते आणि बाईंचा ओरडा खाते. मृणालीने बदलीचं काम करता करता टपाल खात्याचा अर्ज भरला आणि तिला शेजारच्या गावात नेमणूक मिळाली.

गेल्या पावसाळ्यानंतर मांडवकरांनी पाच पासपोर्टांचे अर्ज केले. चौकशीला पोलीस आले. त्यांनी गोदाआजींना विचारलं, या वयात परदेशात कशासाठी जायचं? “बगाया,” आजी म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर कोकमाचं सरबत ठेवलं. चौकशी तिथेच संपली.

एका मंगळवारी देवरुखहून आलेली टपालाची पिशवी उघडली तर आत पाच लिफाफे. पाचही मांडवकरांच्या नावाचे. पासपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, ओळख पटवून, सही घेऊन द्यायचा असा नियम आहे. ज्ञानेश्वरी नियमाला पक्की. स्वतःचा तिने स्वतःकडूनच सही घेऊन स्वतःला दिला. बाकीचे चार पिशवीत घालून स्कूटर काढली आणि त्या दिवशी वाटपाचा क्रम मोडून आधी स्वतःच्या घरी गेली.

गणपतीची शिल्लक रजा घेऊन दीपक घरीच होता. अंगणात चौघंही ओळीने उभी राहिली. “ओळखपत्र,” ती म्हणाली. संस्कृतीने खरंच आधार पुढे केलं. आजींनी सावकाश, एकेक अक्षर मोजत सही केली. लिफाफा उघडून पहिल्या पानावरचा आपला फोटो त्यांनी लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला.

“येवडी रागावलेली बाई कोन गो ही?”

“आजी, ती तूच आहेस,” ओमकार म्हणाला.

“आता जायचं कुठे ते ठरवा,” दीपक म्हणाला. तेवढं म्हणायचा अवकाश, ओमकार श्रीलंका म्हणाला, संस्कृती जपान म्हणाली, आजी म्हणाल्या जिथं भात मिळतो तिथं कुठंही. आवाज वाढत गेले. शेजारच्या घरातून माणसं बाहेर येऊन बघायला लागली. ज्ञानेश्वरीने उरलेलं टपाल पिशवीत नीट लावलं, हेल्मेट घातलं. खालच्या वाडीत कुणाची तरी औषधं आली होती, ती पोचवायची होती. रस्त्याला लागेपर्यंत घरातला तो कालवा तिला ऐकू येत होता. वळणावर तिने स्कूटर क्षणभर थांबवली, आरशात पाहून हसली आणि गाडी पुढे काढली.